ओठांवर दिसणारे शब्द

कुसुम साळवे बोलायला लागली की नवा माणूस दचकायचा. आवाज खडा होताच, पण दचकायला व्हायचं ते तिच्या चेहऱ्यामुळे. ती तुमच्या अगदी समोर येऊन उभी राहायची, हनुवटी थोडी वर करायची आणि प्रत्येक अक्षर ओठांनी पूर्ण घडवून मगच सोडायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, बाई भांडतेय. ती भांडत नसायची. दहावीनंतर तिचं सगळं आयुष्य भिवंडीतल्या कामतघरच्या यंत्रमाग कारखान्यांत गेलं होतं. आधी धाग्याच्या कांड्या भरायचं काम, मग तयार कापड तपासायचं. मागांच्या खडखडाटात कानाचा काही उपयोग नसतो. तिथे माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. कुसुमची ही सवय बाहेरही सुटली नाही.

त्यातून तिचे वडील. ते तीस वर्षं जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर. त्या तीस वर्षांत त्यांचे दोन्ही कान गेले. घरी दोघंच. आई लवकर वारली, भाऊ लग्न करून पडघ्याला राहायला गेला, कुसुमनं लग्न केलं नाही. बापलेकीचं दिवसभराचं बोलणं समोरासमोर बसून, तोंडाकडे बघून चालायचं.

मी भिवंडीतल्या एका कॉलेजात मराठी शिकवायचो आणि रविवारी तिथलंच मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र सांभाळायचो. नोकरी करणारी, शिक्षण अर्धवट सुटलेली मंडळी यायची. पाच वर्षांपूर्वीच्या एका रविवारी ती पहिल्यांदा आली आणि पहिल्या बाकावर बसली. तेव्हा तिचं वय छत्तीस असेल. मी फळ्यावर लिहिता लिहिता बोलत होतो. दहा मिनिटांनी मागून आवाज आला, "सर, इथं तोंड करा. ओठ दिसत नाहीत."

वर्ग हसला. मला वाटलं, हिला कमी ऐकू येतं. तास संपल्यावर मी हळूच तसं विचारलं, तर म्हणाली, "कान चांगले आहेत सर. पण नुसतं ऐकलेलं मला खरं वाटत नाही."

तिच्या वाचण्याची तऱ्हाही कारखान्यातूनच आलेली. कापड तपासताना दोष सापडला की त्या जागी काठाला रंगीत दोरा बांधतात, म्हणजे पुढच्या माणसाला शोधत बसावं लागत नाही. कुसुम पुस्तकातही दोरे घालायची. समजलं नाही तिथे लाल, पटलं नाही तिथे पिवळा. मी तिला माझ्याकडचं भाषेवरचं एक जुनं पुस्तक वाचायला दिलं होतं, ते पंधरा दिवसांनी परत आलं तेव्हा त्याला झालर लावल्यासारखं दिसत होतं. एका पिवळ्या दोऱ्याच्या पानावर लेखकानं लिहिलं होतं की बोलीभाषा या प्रमाणभाषेची बिघडलेली रूपं असतात. मी तीस वर्षं हे पुस्तक वापरत होतो आणि त्या वाक्यावर एकदाही थांबलो नव्हतो.

"आमच्या खात्यात चार मुलखांची माणसं आहेत," ती म्हणाली. "कुणाची भाषा कुणापासून बिघडली म्हणायची?"

एखादी गोष्ट फार छान म्हणून तुम्ही तिला सांगायला गेलात तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं: "बघू, उजेडात धरून." कापडाचा तागादेखील ती असाच खिडकीसमोर धरायची आणि मग अंगठ्यानं चाचपायची. माझ्या कितीतरी मतांना मी तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं. राग कधी आला नाही. उलट रविवारी घरून निघताना मी काय बोलणार आहे ते मनात एकदा तपासून बघायला लागलो.

दुसऱ्या वर्षी तिनं मला एक वही दाखवली. दोनशे पानी, रेघांची, कव्हरला कापडाचा तुकडा चिकटवलेला. आत शब्द होते. पण शब्दांपुढे अर्थ नव्हते, तोंडांची चित्रं होती. गोल ओठ, मिटलेले ओठ, दात दिसणारे ओठ. मला काही कळेना. तेव्हा ती मला एका शनिवारी दुपारी आपल्या कारखान्यात घेऊन गेली.

मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. मराठी माणूस त्याला धोटा म्हणतो, उत्तरेकडचे कारागीर ढरकी म्हणतात, तेलुगू विणकर नाडे म्हणतात. कुसुमच्या खात्यात तिन्ही प्रकारचे लोक होते. पण माग चालू असताना मी बघत राहिलो, तर सगळे एकच शब्द वापरत होते, धोटा. ओरडणारा माणूस बनारसकडचा असला तरी धोटाच. मला वाटलं, आपली मराठी जिंकली. मी तसं कौतुकानं बोललोही.

बाहेर चहाच्या टपरीवर आल्यावर कुसुमनं मला गप्प केलं. म्हणाली, मराठीचा काही संबंध नाही. तुम्ही आवाज न करता 'ढरकी' म्हणा. मी म्हटलं. आता 'धोटा' म्हणा. मी म्हटलं. "बघा, 'ढरकी'त तोंड हलतच नाही. 'धोटा'त ओठ गोल होतात, लांबून दिसतात. जो शब्द दिसतो तो टिकतो. बाकीचे बाहेर चहा पिताना वापरतात." मग तिनं वहीत दाखवलं, प, ब आणि म ओठांवर एकसारखेच दिसतात, म्हणून तिथे ही अक्षरं असलेले शब्द बोलताना माणसं हाताची खूण जोडतात. कोणत्या खात्यात कोणती खूण, तीही लिहिलेली होती. सहा कारखाने, अकरा वर्षांची नोंद. हे करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी आयुष्यभर भाषा शिकवली. त्या टपरीवर मला पहिल्यांदा वाटलं की भाषेचा अभ्यास कसा करतात ते आपण आज पाहिलं.

त्याच सुमाराला नवे नियम आले होते. मुक्त विद्यापीठात दोन वर्षं केलेल्या विद्यार्थ्याला गुण पुरेसे असतील तर दुसऱ्या विद्यापीठात मधल्या वर्षाला प्रवेश मागता येत होता. मीच कुसुमच्या मागे लागलो. अर्ज मी टाईप केले, वहीतली पंचवीस पानं स्कॅन केली. दोन ठिकाणी पाठवले. एक दिल्लीतलं, ज्याचं नाव देशात कुणालाही सांगावं लागत नाही. दुसरं दक्षिणेतलं, नवं, खासगी, पण भाषेच्या अभ्यासातली मोठी माणसं जिथे शिकवत होती असं. तिकडे तिला भाषाविज्ञान मिळणार होतं. दिल्लीत त्या वर्षाला तो विषय नव्हता, समाजशास्त्र घ्यावं लागणार होतं.

दक्षिणेकडच्या विभागप्रमुख बाईंनी व्हिडिओवर मुलाखत ठेवली. घरात इंटरनेट नीट चालत नाही म्हणून कुसुम केंद्रावर आली, आणि वडिलांना एकटं ठेवायचं नाही म्हणून त्यांनाही घेऊन आली. मुलाखत सुरू झाली आणि दोन मिनिटांत लॅपटॉपचा आवाज गेला. मी तारा काढून पुन्हा घालत होतो. स्क्रीनवर बाई बोलताना दिसत होत्या, ऐकू काहीच येत नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून कुसुमचे वडील म्हणाले, "त्या इचारतात, घाई न्हाय, पुन्हा लावू का."

कुसुमनं नको म्हटलं, आणि मग त्यांनी पुढचं सगळं सांगितलं. बाई हिंदीत बोलत होत्या, म्हातारा ते ओठांवरून वाचून आम्हाला सांगत होता, आणि कुसुम उत्तरं देत होती. तिकडे आमचा आवाज जात होता. चार-पाच प्रश्न झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं की इकडे आवाजच नाही. त्या बोलायच्या थांबल्या आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून हसायला लागल्या. हात खाली घेतल्यावर काहीतरी म्हणाल्या. वडील लाजले. आम्ही विचारलं, काय म्हणाल्या? ते सांगेनात. शेवटी म्हणाले, "मला सर म्हनल्या."

महिन्याभरानं दोन्हीकडून प्रवेश मिळाल्याची पत्रं आली. शिष्यवृत्तीमुळे फीची अडचण कुठेच नव्हती. आठ दिवसांत एकीकडे होकार कळवायचा होता.

आता जे सांगायचं आहे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या तरुणपणी मला दिल्लीच्या त्याच विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. आईचं आजारपण निघालं, मी गेलो नाही. ठाण्यात शिकलो, भिवंडीत नोकरीला लागलो. वाईट काही झालं नाही. पण कुणी त्या विद्यापीठाचं नाव काढलं की इतक्या वर्षांनीही मी थोडा ताठ बसतो. कुसुमच्या हातात ते पत्र पाहिलं तेव्हा मला आनंद झाला, तो नेमका कुणासाठी झाला हे मी स्वतःला विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेतल्या बाईंचा मला फोन आला. अर्जावर संपर्कासाठी केंद्राचा, म्हणजे माझाच नंबर होता. त्या म्हणाल्या की कुसुमला कळवा, वडिलांना घेऊन आली तर आवारात दोन खोल्यांचं घर देता येईल, मी बोलून ठेवलंय. तीस वर्षं ओठ वाचणाऱ्या माणसाशी बोलायची आम्हालाही गरज आहे. तिच्या कामाला त्यांची मदत होईल, आमच्या मुलांनाही होईल. मी म्हटलं, सांगतो.

संध्याकाळी कुसुम आली. मी तिला सांगितलं की बाईंचा फोन होता, कधी कळवणार असं विचारत होत्या. एवढंच सांगितलं. वडिलांचा विषय काढला नाही.

का काढला नाही? तेव्हा मी स्वतःला सांगत होतो की म्हाताऱ्या माणसाला तिकडे नेऊन नमुना म्हणून बसवतील. हेही सांगत होतो की खासगी संस्थेच्या तोंडी आश्वासनाचा काय भरवसा. खरं कारण इतकंच होतं की हे ऐकल्यावर ती दिल्लीचा विचारही करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

दोन्ही पत्रं तिनं टेबलावर ठेवली. दक्षिणेचं वर होतं. म्हणाली, "सर, मला तिकडं जावंसं वाटतंय. माझ्या वहीचं तिकडं काहीतरी होईल. पण बाबांचं काय करायचं ते सुचत नाही. मी कुठेही गेले तरी ते एकटेच."

मी बोललो. चांगला अर्धा तास बोललो. दिल्लीच्या नावाला जगात किंमत आहे, भाषाविज्ञान पुढे एम.ए.ला घेता येईल, नव्या संस्था आज आहेत उद्या नाहीत. दिल्लीत हिंदी चालते, तिकडे श्रीमंतांची इंग्रजी बोलणारी मुलं, तिला परकं वाटेल. वडील पडघ्याला भावाकडे राहतील, सख्खा मुलगा आहे, दोन वर्षांचाच प्रश्न आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटत होतं की आता ती म्हणेल, बघू, उजेडात धरून. ती म्हणाली नाही.

"बाबांना विचारलं काल," ती म्हणाली. "ते म्हणाले, सरांना इचार, ते शिकल्याले हायेत." आणि पुढे, "तुम्ही सांगताय म्हणजे विचार करूनच सांगत असाल."

मी हो म्हणालो.

जुलैत ती दिल्लीला गेली. वडिलांना भावानं पडघ्याला नेलं. भाऊ आणि भावजय दोघंही तिथल्या गोदामांत कामाला होते. माणसं चांगली होती, म्हाताऱ्याला वेळच्या वेळी जेवायला घालायची, औषधं द्यायची. फक्त बोलताना पाठमोरी असायची. कुणी भाकऱ्या करता करता बोलायचं, कुणी मोबाइलकडे बघत. शिफ्टवरून थकून आलेल्या माणसानं प्रत्येक वाक्याला समोर येऊन बसावं अशी अपेक्षा तरी कशी करणार? कुसुमसारखं कुणी नव्हतं, एवढाच त्यांचा दोष.

दिल्लीहून तिचे मेसेज यायचे. सुरुवातीला लांबलचक, नंतर आखूड. विद्यापीठानं तिला वाईट वागवलं असं म्हणता येणार नाही. मुलं तिला दीदी म्हणायची, नोट्स द्यायची. पण वर्गात ती बोलायला लागली की मुलं मान मागे घ्यायची. एका प्राध्यापकांनी बाजूला घेऊन प्रेमानंच सांगितलं की आवाज थोडा खाली ठेवत जा, लोकांना चिडल्यासारखं वाटतं. तिनं मला हे लिहून कळवलं आणि पुढे लिहिलं, 'ठेवते आता खाली. जमतंय.' वहीतली पानं तिनं तिथे एका-दोघांना दाखवली. त्यांना ती कामगारांच्या जीवनाची आठवण म्हणून फार आवडली. ओठांची चित्रं कशासाठी, हे कुणी विचारलं नाही.

दिवाळीत ती चार दिवस आली. पडघ्याला जाऊन मग मला भेटायला आली. कॉलेजला सुट्टी होती, आम्ही आवारातल्या पायरीवर बसलो. तिचा आवाज खरंच उतरला होता. मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. मी अभ्यासाचं विचारलं, तिनं सांगितलं. गुण चांगले होते. मग म्हणाली, "बाबा माझ्याकडं बघत नाहीत सर. मी समोर बसले, बोलले. ते भिंतीकडं बघत होते. चार महिन्यांत सवयच गेली त्यांची. हनुवटीला धरून तोंड माझ्याकडं वळवलं, तर डोळे मिटून घेतले."

मी म्हटलं, रागावले असतील, होईल ठीक.

ठीक झालं नाही. पुढच्या थंडीत ते गेले. आजार मोठा नव्हता, साधा ताप होता. काय दुखतंय ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं असेल तर त्यांनी बघितलं नाही. कुसुम पोचली तोवर सगळं आटोपलेलं होतं.

बौद्ध रीतीनं झालेल्या जलदानविधीला मी पडघ्याला गेलो. मंडपात वंदना झाली, माणसं जेवायला बसली. कुसुम पांढरी साडी नेसून एका बाजूला उभी होती. मला बघून ती जवळ आली आणि मोबाइल पुढे केला. दक्षिणेतल्या त्या बाईंचा सांत्वनाचा मेसेज होता. कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की तुझे वडील मला फार आठवतात, तू त्यांना घेऊन इथे यावंस म्हणून मी घराचीही व्यवस्था केली होती, पण तुझी काही अडचण असेल हे मी समजू शकते.

"सर, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो.

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. पुढे काही येतंय का याची वाट बघत असावी. मला कितीतरी बोलायचं होतं. आईचं आजारपण, माझं ते जुनं पत्र, सगळं. त्यातलं काहीही तिच्यापुढे ठेवण्याच्या लायकीचं वाटलं नाही. तिनं मोबाइल परत घेतला आणि म्हणाली, "जेवून जा." ती पाणी वाढायला गेली. मी जेवलो.

त्यानंतर तिनं बोलणं तोडलं असं नाही. ती तशी नव्हती. ती दिल्लीला परत गेली, पदवी पूर्ण केली, पहिल्या वर्गात. निकाल मला कळवला. मी अभिनंदन लिहिलं आणि खाली विचारलं की आता भाषाविज्ञान घेणार ना, तिकडच्या बाईंना अजूनही विचारता येईल. तिनं दोन दिवसांनी उत्तर दिलं, 'ज्यांना विचारून लिहायचं ते आता नाहीत.' मग मी पुन्हा विचारलं नाही.

एका संस्थेत तिला नोकरी लागली. गणेशपुरी-वज्रेश्वरीकडच्या पाड्यांवर फिरून शाळेत न जाणाऱ्या मुलींची माहिती घ्यायची आणि त्यांना शाळेपर्यंत आणायचं असं काम. ती ते चांगलं करते असं ऐकतो. ज्या घरातून दोनदा नकार आला तिथे ती तिसऱ्यांदा जाते आणि मुलीला घेऊन येते, असं तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकानं मला सांगितलं. मला बरं वाटलं. पण बरं वाटून घ्यायचा मला अधिकार आहे का, हे अजून ठरलेलं नाही.

निवृत्त झाल्यावरही माझ्याकडे मुलं येतात. सर, इकडे जाऊ की तिकडे? मी त्यांना जी काही माहिती असेल ती सगळी, अगदी बारीकसारीकही सांगतो आणि मग गप्प बसतो. पालकांना वाटतं, सरांचं वय झालं.

गेल्या हिवाळ्यात एका नातेवाइकाकडे गणेशपुरीला गेलो होतो. दुपारी भिवंडीला परतायच्या एसटीसाठी स्टँडवर आलो तर समोरच्या बाजूला कुसुम उभी होती. बरोबर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, आदिवासी पाड्यावरची असावी, नवं दप्तर पोटाशी धरलेली. कुसुमनं मान खाली करून तिला काहीतरी विचारलं. मुलगी हसली. कुसुमही हसली आणि तिच्या फ्रॉकचं मागचं सुटलेलं बटण लावून दिलं. केसांत तिच्या बरंच पांढरं दिसत होतं. तिनं मला पाहिलं नव्हतं.

भिवंडीची बस आली. कुसुमनं आधी मुलीला चढवलं, मग स्वतः चढली, आणि दोघी खिडकीशी बसल्या. कंडक्टरनं दारातून माझ्याकडे बघून विचारलं, भिवंडी का? मी मान हलवून नाही म्हटलं. बस निघून गेली. पुढची बस येईपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.